आधी पंखा, मग इंजिन

शेपटीकडून निघालेला जाड दोर जमिनीत काँक्रीटमध्ये गाडलेल्या कडीला बांधलेला, चाकांपुढे लाकडी गुटके आणि दोन आसनांच्या त्या इवल्याशा विमानात डॉक्टर एकटेच बसलेले. पश्चिम महाराष्ट्रातली एक छोटी धावपट्टी, मार्चमधली सकाळ. आबांनी अंगठा वर केला. डॉक्टरांनी थ्रॉटल पुढे सारला, मागचं वाळलेलं गवत आडवं झालं, दोर ताणून तारेसारखा झाला. फेऱ्यांचा काटा ४९५० वर गेला आणि तिथेच अडला. पाच-सहा सेकंद वाट पाहून आबांनी गळ्यावरून हात फिरवला. इंजिन बंद.

"जड झालाय," ते म्हणाले.

"काय जड झालंय, आबा?"

"पंखा. इंजिनाला ओढवत नाहीये."

आबा वायुदलात इंजिन फिटर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण धावपट्टीवर कुणाचं काही अडलं की फोन त्यांनाच जातो. माहितीपत्रकं 'प्रॉपेलर' म्हणतात, तरुण वैमानिक 'प्रॉप' म्हणतात, आबा 'पंखा' म्हणतात. मीही तेच म्हणणार आहे. एकेका पात्याला मात्र 'पातं'च.

डॉक्टरांचं विमान घेण्याचं स्वप्न जुनं. विमान निवडताना त्यांनी सगळ्यांना विचारला तो प्रश्न मोटार घेणाराही विचारतो: इंजिन किती अश्वशक्तीचं? उत्तर मिळालं, शंभर. डॉक्टर खूश झाले. पंख्याविषयी त्यांनी कुणाला काही विचारलंच नाही. विमानासोबत आला तो लावला. आता विमान उडत होतं, पण चढत नव्हतं. टोकाला वडाचं झाड असलेल्या धावपट्टीवर 'चढत नव्हतं' याचा अर्थ काय, ते वेगळं सांगायला नको.

हलक्या विमानांच्या जगात थोडं हिंडल्यावर माझं एक मत झालं आहे. ही निवड लोक उलट्या टोकाने करतात. आधी इंजिन ठरवतात आणि मग त्याला मिळेल तो पंखा चिकटवतात. खरं तर धावपट्टीपासून सुरुवात करायची. आपल्याला कुठून उडायचं, किती वेगाने जायचं, पंखा किती मोठा मावेल, तो किती फेऱ्यांनी फिरवायचा, आणि एवढं सगळं ठरलं की मग तो फिरवणारं यंत्र शोधायचं. इंजिन हवेला ढकलत नाही, पंखा ढकलतो. इंजिनाची शंभर अश्वशक्ती पंख्यातून गाळूनच हवेपर्यंत पोचते, आणि गाळणी चुकीची असली तर त्यातली बरीचशी वाटेतच सांडते.

हे नवं ज्ञान नाही. राइट बंधूंना ते १९०३ मध्येच कळलं होतं. १९०२ च्या अखेरीस त्यांनी अनेक मोटार उत्पादकांना पत्रं लिहिली. त्यांना हवं होतं किमान आठ अश्वशक्तीचं आणि ठरावीक वजनाच्या आतलं इंजिन. कुणाकडून जमेना. मग त्यांच्या सायकलच्या दुकानातला मेकॅनिक चार्ली टेलर याने साधारण सहा आठवड्यांत ॲल्युमिनियमच्या ठोकळ्याचं चार सिलिंडरचं इंजिन बनवून दिलं. सुमारे बारा अश्वशक्ती. त्या काळाच्या मानानेसुद्धा इंजिन अगदी ओबडधोबड होतं. पण पंख्यावर दोघा भावांनी जी मेहनत घेतली ती पाहिली की थक्क व्हायला होतं. जहाजांच्या पंख्याची सूत्रं उचलता येतील असं त्यांना आधी वाटलं होतं. ती निरुपयोगी निघाली. मग दोघांनी महिनोन् महिने वाद घातला आणि एका गोष्टीवर आले: पंखा म्हणजे फिरणारा पंखच. त्याच्या प्रत्येक इंचाला वेगळा वेग आणि वेगळा कोन लागणार. स्प्रूसच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून त्यांनी साडेआठ फुटी पंखे हाताने तासले आणि सायकलसारख्या साखळीने इंजिनाचे फेरे कमी करून ते फिरवले. इंजिन मिनिटाला हजारावर फेरे घ्यायचं, पंखे साडेतीनशेच्या आसपास. त्या पंख्यांच्या प्रतिकृती आपल्या काळात तपासल्या गेल्या, तेव्हा त्यांची कार्यक्षमता ७५ टक्क्यांच्या वर भरली. बारा अश्वशक्तीचं ते विमान उडालं याचं निम्मं श्रेय मी साखळीला आणि त्या लाकडाला देतो.

त्या साखळीची जागा आज घेतली आहे गिअरबॉक्सने. ऑस्ट्रियातल्या गुन्सकिर्शेन गावी बनणारं रोटॅक्स ९१२ हे इंजिन हलक्या विमानांत जगभर दिसतं. चार सिलिंडर समोरासमोर आडवे, सिलिंडर हवेने थंड होणारे, त्यांची डोकी पाण्याने. लहान इंजिनातून जास्त शक्ती काढायची तर ते वेगाने फिरवावं लागतं, म्हणून हे ५८०० फेऱ्यांपर्यंत जातं, तेही पाचच मिनिटं. सतत चालवायचं तर ५५००. डॉक्टरांचं इंजिन हेच, आणि त्यांचा पंखा टोकापासून टोकापर्यंत १७२ सेंटिमीटर. तो थेट ५८०० फेऱ्यांनी फिरवला तर पात्याचं टोक सेकंदाला पाचशे मीटरच्या वर धावेल, म्हणजे आवाजाच्या दीडपट. आवाजाच्या वेगाजवळ पोचलेलं पातं हवा ढकलायची सोडून नुसतं किंचाळतं. म्हणून मधे २.४३ पटीचा गिअर. पंखा २३८७ फेऱ्यांवर येतो, टोकाचा वेग सेकंदाला २१५ मीटर. हा झाला सुखाचा संसार.

दुसरी वाट जाबिरूची. ऑस्ट्रेलियातल्या बंडाबर्गचं हे इंजिन २२०० सीसीचं, ८५ अश्वशक्तीचं, ३३०० फेऱ्यांचं. गिअरबॉक्स नाही, पाणी नाही, रेडिएटर नाही. साधं, हलकं, उघडून पाहिलं की सगळं समजतं. पण पंखा थेट क्रँकशाफ्टवर बसत असल्याने ३३०० फेऱ्यांत टोक आवाजाच्या वेगाजवळ जाऊ द्यायचं नाही, म्हणून तो आखूड ठेवावा लागतो, दीड मीटरच्या आसपास. एकाच शक्तीत मोठा पंखा पुष्कळशी हवा सावकाश ढकलतो, छोटा पंखा थोडी हवा जोरात ढकलतो. उभ्या विमानाला आणि चढणाऱ्या विमानाला पहिला प्रकार मानवतो. कागदावरचा हिशेब करून पाहिला: तेवढीच शक्ती असेल तर १५२ ऐवजी १७३ सेंटिमीटरचा पंखा जागेवर सुमारे नऊ टक्के जास्त ढकल देतो. वडाच्या झाडापाशी नऊ टक्के फार असतात. उलट सपाट प्रदेशात, लांब धावपट्टीवरून, बारीक बांध्याच्या वेगवान विमानाने सरळ जायचं असेल तर छोट्या पंख्याचं दुखणं जाणवतही नाही. जाबिरूच्या इंजिनांवर ऑस्ट्रेलियाच्या नागरी विमान प्राधिकरणाने डिसेंबर २०१४ मध्ये बिघाडांमुळे निर्बंध घातले होते. ते २०१६ मध्ये उठले, पण नाव एकदा चर्चेत आलं की विकत घेणाऱ्याच्या मनात ते राहतंच.

तिसरी वाट जुन्या जाणत्यांची: कॉन्टिनेंटल ओ-२००. शंभर अश्वशक्ती, २७५० फेरे, थेट पंखा. सेसना १५० या प्रशिक्षण विमानात ते पिढ्यान् पिढ्या चाललं, त्यामुळे जगात कुठल्याही फ्लाइंग क्लबच्या मेकॅनिकला ते तोंडपाठ.

याच इंजिनाची एक गोष्ट मी नेहमी सांगतो. अमेरिकेने २००४ मध्ये लाइट स्पोर्ट वर्गाचे नियम केले: जमिनीवरून उडणाऱ्या विमानाचं वजन जास्तीत जास्त ६०० किलो, आसनं दोन, इंजिन एक. सेसनाने या वर्गात उतरायचं ठरवलं. २००६ मध्ये उडालेल्या त्यांच्या पहिल्या नमुन्यात रोटॅक्स होतं. पण बाजारात आणायच्या १६२ स्कायकॅचरमध्ये त्यांनी कॉन्टिनेंटल ओ-२००-डी बसवलं. मेकॅनिक ओळखतात, सुटे भाग मिळतात, ग्राहक बिचकत नाहीत. सगळी कारणं पटण्यासारखी. फक्त हे इंजिन काही किलोंनी जड. सहाशे किलोंच्या नियमात काही किलो म्हणजे लग्नाच्या पंगतीत आयत्या वेळी आलेली आणखी एक बस. स्कायकॅचरचं रिकामं वजन ३७५ किलोंच्या आसपास गेलं. उरले सव्वादोनशे. पेट्रोलची टाकी पूर्ण भरली तर त्यातले साठ-पासष्ट किलो गेले, म्हणजे दोन माणसं आणि त्यांचं सामान मिळून एकशेसाठ. शिकवणारे गुरुजी अंगाने भरलेले असतील तर पेट्रोल काढा, नाहीतर विद्यार्थ्याला उतरवा! २०१४ च्या सुरुवातीपर्यंत कंपनीने हे विमान गुंडाळलं. विकली गेली ती दोनशेच्या आतच. एकट्या इंजिनाला दोष देणं अन्यायाचं होईल. किंमत वाढत गेली होती, जुळणी चीनमध्ये होत होती, त्यावरही नाराजी होती. पण ओळखीचं म्हणून निवडलेलं इंजिन किती महागात पडतं, याला यापेक्षा बोलका दाखला मला माहीत नाही.

उलट बाजूचा दाखला आपल्या घरचा आहे. मे २०१९ मध्ये मुंबईची आरोही पंडित ही वैमानिक तेवीस वर्षांची होती. 'माही' नावाच्या लाइट स्पोर्ट विमानातून, स्कॉटलंडमधल्या विकपासून आइसलँड, ग्रीनलँड असे टप्पे घेत, ती कॅनडातल्या इकालुइटला उतरली. लाइट स्पोर्ट विमानातून एकटीने अटलांटिक ओलांडणारी ती पहिली स्त्री. माही हे पिपिस्ट्रेल कंपनीचं साइनस, मालासकट जेमतेम साडेचारशे किलोंच्या वर्गातलं, आणि इंजिन रोटॅक्स ९१२, शक्ती ऐंशी अश्वशक्तीच्या घरातली. आपल्या रस्त्यावरच्या साध्या हॅचबॅक मोटारीला असते तेवढीच. ते पुरलं, कारण पंखांचा पसारा पंधरा मीटरचा आहे. हे मुळात इंजिन लावलेलं ग्लायडरच. इंजिन बंद करून तरंगायचं असेल तर पंख्याची पाती वाऱ्याच्या रेषेत वळवून ठेवण्याची सोय साइनसमध्ये मिळते, म्हणजे थांबलेला पंखा वाऱ्याला अडवत नाही. विमान, पंखा, इंजिन ही तिन्ही एकाच कामासाठी एकमेकांना बेतलेली. याच माहीमधून आरोहीने ऑक्टोबर २०२१ मध्ये भूजहून जुहूला येऊन जेआरडी टाटांच्या १९३२ च्या टपाल-उड्डाणाची आठवण जागवली.

आपल्या एनसीसीच्या मुलांना शिकवण्यासाठी, आणि वायुदल व नौदलासाठीही, २०१५ च्या करारानुसार घेतलेली पिपिस्ट्रेलची व्हायरस विमानं याच गोत्रातली. व्हायरस एसडब्ल्यू ८० मधले ऐंशी म्हणजे अश्वशक्तीच.

आता पुन्हा दोर बांधलेल्या विमानाकडे.

पंख्याचा 'जडपणा' म्हणजे पात्याचा कोन. पंखा हा हवेत घुसणारा स्क्रू आहे असं घटकाभर समजा. एका फेऱ्यात तो किती पुढे सरकेल, ते त्याचं पिच. १.४ मीटर पिच असलेला पंखा मिनिटाला २२६३ फेरे घेत असेल (५५०० भागिले २.४३) तर तासाला १९० किलोमीटर. हवा लोण्यासारखी निसटत असल्याने प्रत्यक्षात हिशेब थोडा वेगळा येतो, पण दिशा कळते. कोन वाढवला की पंखा मोठा घास घेतो. वेगात असताना ते छान. उभं असताना मात्र तो घास इंजिनाच्या घशात अडकतो, फेरे पडतात, आणि फेरे पडले की शक्तीही पडते. डॉक्टरांच्या इंजिनात शंभर अश्वशक्ती होती खरी, पण ती ५८०० फेऱ्यांना. ४९५० वर ती हजर नव्हती. रोटॅक्सवाल्यांचं सांगणं आहे की पूर्ण थ्रॉटलवर इंजिन ५२०० च्या खाली दाबून चालवू नये. चौथ्या गिअरमध्ये घाट चढवल्यासारखं होतं, आत ठोके बसतात. कोन फारच कमी केला तर उलट पंचाईत: चढाई झकास, पण सपाट उड्डाणात काटा लाल रेषेच्या पलीकडे जायला बघतो आणि थ्रॉटल मागे ओढून बसावं लागतं.

यावर उपाय म्हणजे उडतानाच कोन बदलणारा पंखा. अमेरिकेच्या २००४ च्या नियमांनी लाइट स्पोर्ट विमानांना तो मनाई केला होता, ग्लायडरांना पाती वळवण्याची सूट सोडून. साधेपणा टिकावा हा हेतू. म्हणून जमिनीवर पाना घेऊन कोन बदलता येणारे पंखे या वर्गात रूढ झाले. जुलै २०२५ मध्ये तिथे नवे नियम जाहीर झाले आणि ही बंदी सैल झाली. मला विचाराल तर आठवड्यातून एकदा उडणाऱ्या माणसाने ती चैन करू नये. एक दांडा वाढला, एक चूक वाढली, वजन वाढलं, खर्च तर वाढलाच.

पात्याचं साहित्य हाही मोठा विषय आहे, पण आबांनी तो दोन वाक्यांत मिटवला. "रोटॅक्सला धातूचं पातं दाखवायचं नाही. गिअरचे दात खातं." जड पंखा फिरताना चालू-बंद होणारे सिलिंडरांचे झटके गिअरबॉक्सवर घेतो. म्हणून रोटॅक्सने पंख्याच्या जडत्वाला ६००० किलोग्रॅम-चौरस सेंटिमीटरची मर्यादा घातली आहे. तीत कार्बन-फायबरची आणि लाकडाची पातीच बसतात. जाबिरूलाही लाकूड मानवतं. पण लाकूड कोकणातल्या दरवाजासारखं असतं: पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. हबचे बोल्ट जूनमध्ये बरोबर असतील ते मार्चमध्ये सैल असतात. मोसम बदलला की टॉर्क रेंच काढायचाच. शिवाय आपल्या मुरमाड धावपट्ट्या. पुढच्या चाकाच्या विमानात पंख्याचं टोक जमिनीपासून किमान सात इंच वर असावं हा जुना नियम आहे, पण सुट्या खड्यांवर सात इंच फार कमी. त्या धावपट्टीवरची पाती पाहिली तर टोकाशी उंदराने कुरतडल्यासारखी दिसतात.

आबांनी हबचे बोल्ट सैल केले. पात्यावर टोकापासून ठरावीक अंतरावर टेपची खूण होती. तिथे त्यांनी डिजिटल कोनमापक टेकवलं, तिन्ही पाती एकामागोमाग एक आडवी आणून मोजली. पातं हाताने इतकं हळू फिरवत होते की हलतंय हे कोनमापकावरच कळावं. एक अंश कमी केला की रोटॅक्सचे दोनशे-अडीचशे फेरे वाढतात, हा त्यांचा अंदाज. तिन्ही पात्यांत दशांश दोनपेक्षा जास्त फरक नको, नाहीतर सगळं विमान थरथरतं. या कामाला पाऊण तास लागला. तेवढ्यात डॉक्टरांचे दोन चहा झाले.

इंजिन सुरू करण्याआधी तेल तपासायचं. रोटॅक्सचं तेल वेगळ्या टाकीत असतं, आणि रात्रभरात ते इंजिनात झिरपून बसतं. कांडी नुसती बुडवली तर खोटं माप येतं. म्हणून इग्निशन बंद आहे याची खात्री करून पंखा हाताने, फिरण्याच्या दिशेनेच, सावकाश फिरवत राहायचा, टाकीतून गुडगुड असा आवाज येईपर्यंत. आबा बाविसाव्या फेऱ्याला थांबले. "दिली ढेकर," म्हणाले.

दोर ताणला. ५२०० वर काटा स्थिर.

डॉक्टरांनी मग मला हिशेबाला बसवलं, कारण त्यांना पुण्याला जायचं होतं, एप्रिलात, दुपारी. पुण्याचा विमानतळ समुद्रसपाटीपासून १९४२ फुटांवर. तापमान चाळीस अंश धरलं तर हवा सुमारे चौदा टक्के विरळ होते. विमानाला वाटतं आपण ५३०० फुटांवर आहोत, म्हणजे जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावर. शंभर अश्वशक्तीची उरतात पंचाऐंशी-नव्वद. आणि यातली फसवी गोष्ट अशी की काटा तरीही ५२०० च दाखवतो. इंजिन थकतं तशी पंख्यापुढची हवाही पातळ होते, दोघं मिळून फेरे तेवढेच राखतात आणि ढकल मात्र कमी झालेली असते. नवखा वैमानिक काटा बघून निर्धास्त होतो. बंगळूरसारख्या सुमारे २९०० फुटांवरच्या गावी जन्मलेल्या, राष्ट्रीय एरोस्पेस प्रयोगशाळेच्या (एनएएल) हंसा-३ या विमानाला टर्बो लावलेलं रोटॅक्स ९१४ आणि कोन बदलणारा पंखा दिला गेला, त्यामागचं शहाणपण इथे कळतं. ३ सप्टेंबर २०२१ ला प्रथम उडालेल्या हंसा-एनजीत त्याची जागा इंधन-इंजेक्शनच्या ९१२ ने घेतली.

राहता राहिलं पेट्रोल. इथे डॉक्टरांचा दुसरा भ्रमनिरास झाला. रोटॅक्स मोटारीच्या पेट्रोलवर चालतं, हे त्यांनी ते निवडण्याचं मोठं कारण. चालतंही. शंभर अश्वशक्तीच्या प्रकाराला ९५ ऑक्टेन पुरे, आणि शिसं नसलेलं पेट्रोल त्याला उलट आवडतं. पण रोटॅक्सची परवानगी दहा टक्के इथेनॉलपर्यंतच आहे, आणि आपल्या पंपांवर २०२५ पासून वीस टक्के आलं. ऑक्टेनचा आकडा जुळला तरी इथेनॉल पाणी ओढतं, उन्हात नळीत वाफ धरण्याची भीती वाढते, आणि काही जुन्या फायबरच्या टाक्यांचं अस्तर सोलून काढतं. पण इथेनॉल ज्या उसाचं तो ऊस आपलाच, तक्रार कुणाकडे करणार? मग उरतं विमानांचं पेट्रोल, एव्हगॅस १००एलएल. पूर्वी ते सगळं परदेशातून यायचं. २०२२ मध्ये इंडियन ऑइलने वडोदऱ्यात बनवायला सुरुवात केली. त्यात शिसं आहे. रोटॅक्सला ते पाजलं तर चालतं, पण तेल दर पंचवीस तासांनी बदलायचं, कारण शिशाचा गाळ तेलाच्या टाकीत आणि गिअरबॉक्समध्ये साचतो. कॉन्टिनेंटल ओ-२०० ला हे पेट्रोल चालतं. म्हणजे इंजिनाची निवड शेवटी जवळच्या बॅरलपाशी येऊनही अडते, आणि तो बॅरल कुठून येणार याची चौकशी कुणी आधी करत नाही. आधी जिल्ह्यातलं इंधन, धावपट्टीची लांबी, उन्हाळ्याचं तापमान आणि पंख्याखाली मोकळी जागा किती, हे चार आकडे कागदावर मांडा. मगच विक्रेत्याला फोन करा. त्याने पहिल्या वाक्यात अश्वशक्ती सांगितली तर कोणता पंखा आणि किती अंश, हे विचारा.

डॉक्टर त्या दिवशी एकटेच उडाले. पूर्ण थ्रॉटलवर सपाट उड्डाणात काटा ५५५० वर राहिला. वडाचं झाड त्यांनी बऱ्याच उंचीवरून ओलांडलं. उतरून आल्यावर त्यांनी पंख्याला हात लावून नमस्कार केला. आबांनी तिकडे न बघता लॉगबुक मांडीवर घेतलं आणि लिहिलं: पात्यांचा कोन एक अंश कमी केला. जागेवर फेरे ५२००. हबचे बोल्ट पंचवीस तासांनी पुन्हा तपासणे.